राउटला नावे देताना या चुका टाळा

तालुक्याच्या गावांत लॅरावेल (वेबसाइट बांधण्याची पीएचपीमधली चौकट) शिकणारी मुले राउटला, म्हणजे कोणत्या पत्त्यावर कोणता कोड चालवायचा हे सांगणाऱ्या ओळीला, नाव द्यायला विसरत नाहीत. वरची ओळ उचलून खाली चिकटवतात आणि नाव बदलायचे तेवढे राहून जाते. ही चूक सर्वांत महागात पडते, कारण एकच नाव दोन राउटना दिले तरी लॅरावेल तिथल्या तिथे तक्रार करत नाही आणि दुवा तयार करताना शेवटी नोंदवलेला राउट निमूटपणे वापरते.

यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगसाठी दोन मुलांनी काटापावत्या पाहण्याची सोय केली होती. तुरीची खरेदी सुरू झाली तेव्हा त्यांनी कापसाच्या पावतीचीच ओळ खाली उतरवली, पत्ता आणि कंट्रोलर (त्या पत्त्यासाठी चालणारा कोड) बदलला, पण 'पावती.शो' हे नाव तसेच ठेवले. दोन्ही टेबलांतील क्रमांक १ पासूनच सुरू होत असल्यामुळे पान कुठे अडले नाही. कापसाच्या यादीतून पावती उघडली की त्याच क्रमांकाची, भलत्याच शेतकऱ्याची तुरीची पावती समोर येई. वास्तविक सर्व्हरवर चढवताना 'राउट:कॅशे' या, सर्व राउट एकत्र साठवून ठेवणाऱ्या आज्ञेने, हे नाव आधीच दुसऱ्या राउटला दिलेले आहे, असे स्पष्ट सांगून काम थांबवले होते. मुलांनी नाव दुरुस्त करण्याऐवजी ती आज्ञाच गाळली, आणि 'सर, साइट तिच्याशिवायही चालते' असे वर मला ऐकवले. चालते, यात शंका नाही. कोणाची पावती दाखवत चालते, एवढाच प्रश्न उरतो.

मी राउटची फाइल बदलली की 'आर्टिसन राउट:लिस्ट' ही सर्व राउटची यादी दाखवणारी आज्ञा चालवून नावे वरून खाली वाचतो आणि मालाचे नाव नेहमी आधी लिहितो: 'कापूस.पावती.शो', 'तूर.पावती.शो'. घाई असणाऱ्यांना हे वाचन कंटाळवाणे वाटते, पण त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

राउटच्या गटाला नावाचा उपसर्ग देताना शेवटचा टिंब स्वतः लिहावा लागतो. तो राहिला की 'अ‍ॅडमिनपावती.शो' असले जोडनाव तयार होते. 'खरेदी' हा शब्द रोमन लिपीत एकाने एक प्रकारे आणि दुसऱ्याने दुसऱ्या प्रकारे लिहिला की राउट सापडत नाही, म्हणून स्पेलिंग पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे. हंगामाचे वर्ष नावात कोंबू नये, ते पॅरामीटर म्हणून, म्हणजे दुव्यासोबत बदलती किंमत म्हणून पाठवावे. रिसोर्स राउट (यादी, पाहणे, बदलणे, पुसणे असे नेहमीचे राउट एकाच ओळीत देणारी सोय) 'इंडेक्स'पासून 'डिस्ट्रॉय'पर्यंत ७ नावे आयती देतो, त्यांत 'पावती.बघा' अशी स्वतःची भर घालण्याची हौस मला आजवर समजलेली नाही.