थंडीत गिनीपिग बाहेर ठेवताय? निदान या चुका तरी करू नका

डिसेंबर लागला की माझा फोन सुरू होतो. "ताई, आमचा गिनीपिग अंग फुगवून कोपऱ्यात बसलाय, कालपासून काही खाल्लं नाही, काय करू?" मी विचारते, रात्री कुठे ठेवला होता? तर उत्तर ठरलेलं: "बाहेरच, पण आम्ही व्यवस्थित पॅक केलं होतं ना!" हे "व्यवस्थित पॅक" ऐकलं की माझं डोकंच फिरतं, त्यावर पुढे सविस्तर बोलणारच आहे.

मी डॉक्टर नाही. सात वर्षं झाली पाळतेय, आत्ता घरात पाच आहेत, आणि आम्ही राहतो निफाड तालुक्यात, म्हणजे थंडी काय असते ते मला पुण्या-मुंबईवाल्यांनी सांगायची गरज नाही. इथे पारा ५-६ वर येतो, कधी त्याच्याही खाली जातो, पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून ड्रीपचं पाणी सोडतात. आणि गंमत म्हणजे त्याच दिवशी दुपारी अंगातला स्वेटर काढून फेकावा असं ऊन. पहाटे ७ अंश आणि दुपारी २८. हा जो फरक आहे ना, लोकांच्या निम्म्या चुका त्यातूनच होतात, कारण जो तो फक्त रात्रीचा विचार करतो.

आधी एक गैरसमज. "तो अँडीज पर्वतातला प्राणी आहे, त्याला थंडी चालते." हो, पेरूकडचा आहे (आणि आपला पेरूही मिटक्या मारत खातो), पण तिकडे लोक हजारो वर्षं त्याला घरात, चुलीजवळ, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाळत आलेत. बर्फात सोडून नाही दिला. शिवाय सशासारखं बीळ खणणं त्याला जमत नाही, म्हणजे थंडी वाजली तर स्वतःची सोय स्वतः करेल हेही नाही. त्याला १८ ते २४ च्या आसपास बरं वाटतं, १५ च्या खाली गेलं की आत घ्यायचा. म्हणजे आमच्याकडे साधारण दिवाळीनंतर रोज रात्री आत. रोज. "आज एवढी थंडी नाहीये" असं रात्री दहाला वाटतं, खरी थंडी पहाटे चार-पाचला पडते आणि तेव्हा तुम्ही गोधडीत असता.

आता ते पॅकिंग.

ही चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून जास्त चिडते. माझी दुसरी थंडी होती. तेव्हा दोनच होते, बुंदी आणि चिवडा, दिवाळीत आणले म्हणून ही नावं. पिंजरा मागच्या पडवीत, वर पत्रा. पेपरात थंडीची लाट वगैरे वाचलं आणि मी काय केलं, तर बागेवर टाकायचा प्लॅस्टिक पेपर उरला होता तो चारी बाजूंनी गुंडाळला, वरून ताडपत्री, सुतळीनं करकचून बांधलं, कुठून वाऱ्याची झुळूक जाणार नाही असं. स्वतःवर इतकी खूश होते की फोटो काढून बहिणीला पाठवला. सकाळी उघडलं तर प्लॅस्टिकला आतून घाम सुटलेला, थेंब खाली टपटपतायत, पेंढा ओला, आणि लघवीचा असा भपकारा की माझेच डोळे चुरचुरले. मला वाटलं थंडीचं दव असेल. बुंदी शिंकत होती, तर मला वाटलं गारठली, म्हणून दुसऱ्या रात्री वरून अजून एक घोंगडी!! तिसऱ्या दिवशी तिच्या नाकाशी चिकट पाणी, डोळ्यांच्या कडा चिकटलेल्या, श्वासाला घरघर. नाशिकला गाडी काढून नेली, डॉक्टरांनी छाती तपासली आणि पहिला प्रश्न विचारला, कोंडून ठेवली होती का? न्यूमोनिया. चिवडा दोन आठवडे औषध घेऊन वाचला. बुंदी मात्र डॉक्टरांकडून आणल्यावर दुसऱ्या रात्रीच गेली.

नंतर कळलं ते इतकं साधं होतं की लाज वाटली. प्लॅस्टिक ऊब तयार करत नाही, ते फक्त आहे ते आत कोंडतं. आणि आत आहे काय, तर त्यांच्या श्वासाची वाफ आणि लघवीतून निघणारा अमोनिया. या प्राण्याची छाती मुळातच नाजूक. कोरड्या थंडीत, भरपूर पेंढ्यात तो एखादी रात्र काढेलही, ओल आणि कोंदट हवेत नाही काढणार.

आणि दुपारचं तर कोणी बोलतच नाही. तोच पॅक केलेला पिंजरा सकाळी ऑफिसच्या गडबडीत तसाच राहिला, बारा वाजता त्याच्यावर ऊन आलं, की आत भट्टी. गिनीपिगला घाम येत नाही, २६-२७ च्या वर तो हैराण होतो आणि ऊन लागून मरायला वेळ लागत नाही. भर जानेवारीत उन्हानं मेलेला गिनीपिग मी पाहिलाय, आमच्या ओळखीतल्याच घरात, आणि ते लोक शेवटपर्यंत म्हणत होते थंडीनं गेला.

मी आता काय करते: तीन बाजूंना फळ्या कायमच्या, छप्पर पुढे वीतभर आलेलं, पिंजरा जमिनीपासून दोन विटा वर. समोर गोणपाटाचा पडदा, तोही वर चार बोटं मोकळा सोडून. सकाळी नऊला पडदा वर, ही माझी देवपूजेसारखी ठरलेली वेळ. आणि आत, त्यांच्या अंगाच्या उंचीवर, एक साधा डिजिटल थर्मामीटर, जो रात्रीचा कमीत कमी आकडा लक्षात ठेवतो तसला. दोन-तीनशे रुपयांची वस्तू आहे पण लोक घेणार नाहीत, मोबाईलमध्ये बघून सांगतील "आज नाशिक ११". मोबाईलमधला नाशिक तुमच्या पडवीत राहत नाही हो.

रात्री मात्र टोमॅटोचं कॅरेट (क्रेटला आमच्याकडे कॅरेटच म्हणतात), त्यात पेंढा, आणि सगळी वरात आतल्या खोलीत. पाच मिनिटांचं काम. ज्याला हे पाच मिनिटंही जड जातात त्यानं मासे पाळावेत, असं माझं स्पष्ट मत आहे, राग आला तर येऊ दे.

अंथरुणाचं. जुने स्वेटर, कापूस, लोकरीचे तुकडे टाकू नका. लोकरीचा धागा पायाच्या बोटाला गुंडाळला की बोट काळं पडतं, आणि कापूस खाल्ला तर पोटात अडकतो. शिवाय हे सगळं ओलं झालं की ओलंच राहतं. खाली वर्तमानपत्राचे जाड थर, वर वीतभर पेंढा. मी भाताचा पेंढा इगतपुरीकडून येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून घेते, दिवसभर ऊन दाखवते, वास घेऊन बघते, कुबट आला की सरळ म्हशीलाही न देता उकिरड्यावर. बसायला मऊ वाळलेलं गवत असेल तर अजून उत्तम, पेंढ्याची टोकं डोळ्यात जाऊ शकतात म्हणून वरचा थर मी गवताचाच करते. ओला कोपरा रोज काढायचा. वखारीतला बारीक भुसा नको, नाकात जातो.

बल्ब लावू का? हा प्रश्न कोंबड्यावाल्यांकडून आलाय. पिलांच्या शेडमध्ये बल्ब असतो म्हणून इथेही लावायचा. पेंढा, वायर आणि कुरतडणारे दात एकाच पेटीत, बाकी तुम्ही समजून घ्या. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवली तर प्राण्यासोबत माणसंही जातात. आणि बागेत शेकोटी चालते म्हणून पिंजऱ्याशेजारी शेकोटी करणारे महाभाग आहेत, त्या धुरानं त्यांच्या छातीचं काय होत असेल! फारच गरज पडली तर कोमट पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवा, त्यांना नको वाटलं तर लांब सरकायला जागा हवी, आणि बाटली कुरतडत नाहीत ना हे बघत राहा.

खाण्यात आपलं "उष्ण-थंड" आणू नका. थंडी आहे म्हणून बाजरीची भाकरी, गूळ, डिंकाचा लाडू... हसू नका, डिंकाचा लाडू खरंच दिला होता एकीनं. गिनीपिगचं पोट चालतं ते गवतावर. थंडीत गवत वाढवायचं, बास. ते दिवसभर चावत राहिले तर अंगात ऊबही राहते. कांदा-लसूण तर अजिबात नाही, आणि यावरून आठवलं, मी एका वहिनींना सांगितलं की मादी गाभण आहे तर थोडा लसूणघास (जनावरांचा हिरवा चारा, लसणाशी संबंध नाही) द्या, त्यांनी आठवडाभर लसणाची पात घालायचा प्रयत्न केला. बरं, मादी शहाणी, तोंड लावलं नाही तिनं. (मोठ्यांना लसूणघासही रोज नको, कॅल्शियम जास्त, मूतखडा होतो.)

व्हिटॅमिन सी त्यांचं शरीर बनवत नाही, आपल्यासारखंच. रोज मिळालं नाही की सांधे दुखतात, हिरड्या बिघडतात, आजाराशी लढायची ताकद जाते. १९०७ साली नॉर्वेतल्या दोन संशोधकांना स्कर्व्हीचं (व्हिटॅमिन सी न मिळाल्यानं होणाऱ्या आजाराचं) कोडं सुटायला मदत झाली ती गिनीपिगमुळेच. ढोबळी मिरचीचा तुकडा, कोथिंबीर, कधीतरी पेरूची फोड. पाण्यात थेंब टाकायचा शॉर्टकट करू नका, पाण्यात ते टिकत नाही आणि चव बदलली की काही जण पाणीच सोडतात.

आमच्या भागातल्यांसाठी खास: द्राक्षबागेच्या बांधावरचं गवत कापून आणू नका. नेमक्या याच दिवसांत बागेत फवारण्या जोरात असतात आणि ते औषध बांध बघून थांबत नाही.

दुसरी मोठी चूक, जी प्लॅस्टिकपेक्षा जास्त जीव घेते: शिंका आल्या की मेडिकलमधून औषध. एका ओळखीच्या घरी लहान मुलाचं उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप होतं, "लहान बाळाला चालतं तर याला का नाही" म्हणून ड्रॉपरनं दोन दिवस दिलं. गिनीपिगला पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं (अमॉक्सिसिलिन त्यातलंच) तोंडातून दिली की पोटातले चांगले जंतू मरतात, वाईट माजतात, आणि त्यांच्या विषानं प्राणी जातो. शिंका बऱ्या झाल्या असत्या हो, तो जुलाबानं गेला. मला फोन आला तो सगळं झाल्यावर, आणि वर प्रश्न काय, तर नवीन कुठे मिळेल. त्या दिवशी मी फोन ठेवून दिला. त्यांच्यासाठी चालणारी अँटिबायोटिक्स वेगळी असतात, वजनावर मोजून द्यावी लागतात, ते डॉक्टरांचं काम. आणि बारा तास काही खाल्लं नसेल तर उद्यावर ढकलू नका, यांचं आतडं थांबलं की परत सुरू होणं अवघड.

यावर माझी एकच सवय, थंडीत दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. मोठा प्राणी ७०० ते १२०० ग्रॅम असतो. आठवड्यात ५०-६० ग्रॅम उतरला की मी नाक-डोळे-दात बघते, मग फोन करते. हा प्राणी आजार लपवण्यात पटाईत आहे, तोंडावर काही दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, काटा मात्र आधी सांगतो.

बाकी भराभर. थंडीत आंघोळ नको (खरं तर कधीच फारशी नको). एकटा ठेवू नका, दोघं एकमेकांना चिकटून झोपतात. सशासोबत एका पिंजऱ्यात नको, सशाला काही न होता त्याच्याकडचे जंतू याची छाती धरतात, आणि सशाची एक लाथ पुरते. पाणी सकाळी कोमट द्या, गार पाणी ते कमी पितात. कोंबड्यांची पातळ जाळी कुत्रा फाडतो आणि घूस कुरतडते, अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा, तळालासुद्धा. मुंगूस आणि मांजर दिवसाढवळ्या येतात, त्यामुळे अंगणात उन्हाला सोडलंत तर शेजारी खुर्ची टाकून बसा, मोबाईल न बघता.

आणि संक्रांत झाली की पेंढा काढून मोकळे होऊ नका. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात, पण आमच्याकडे त्यानंतरही एखादा आठवडा पहाटे ती परत डोकावून जाते. मी कॅरेट होळीपर्यंत माळ्यावर टाकत नाही. दुपारचा पडदा मात्र तेव्हा उलट्या कामाला लागतो, ऊन अडवायला.