घोड्याचा हिवाळा: आधी बादली बघा, मग झूल

घोडी घेतली त्या पहिल्या हिवाळ्यात मी तिची थंडी माझ्या थंडीवरून ठरवायचो. मला हुडहुडी भरली की तिच्या अंगावर झूल चढायची आणि तबेल्याची दारं-खिडक्या गच्च बंद व्हायची. महिनाभरात चांदणी खोकायला लागली. डॉक्टर आले, त्यांनी आधी खिडकी उघडली आणि मग घोडी तपासली. मला म्हणाले, "इथे गुडघ्याएवढं खाली वाका आणि श्वास घ्या." वाकलो तर डोळ्यांत पाणीच आलं. मुताचा उग्र वायू जमिनीलगत साचला होता आणि ती रात्रभर त्यातच मान घालून खात होती.

निरोगी घोड्याला कोरड्या थंडीचं फारसं भय नसतं. दिवस लहान व्हायला लागले की त्याच्या अंगावर दाट केस येतात. गारठा वाढला की ते केस उभे राहतात आणि त्यांच्यात हवा अडकते. ती हवा हीच त्याची रजई. असा घोडा कोरडा आणि वाऱ्याच्या आडोशाला असेल, तर शून्याखाली चार-पाच अंशांतही मजेत उभा असतो. पण पाऊस लागला की केस चपटे होतात आणि ऊब निघून जाते. म्हणून पाच अंशांतला पाऊस-वारा मला कोरड्या कडाक्यापेक्षा जास्त घाबरवतो. वरून छप्पर आणि वाऱ्याच्या बाजूने भिंत एवढं हवंच. बाकी बाजूंनी हवा खेळू द्या.

सगळ्यात जास्त लक्ष मात्र पाण्याकडे द्या. दुसऱ्या हिवाळ्यात तीन दिवस कडाका पडला होता. सकाळी बादली जवळजवळ भरलेली दिसायची आणि थंडीत तहान कमीच लागते, असं मी धरून चाललो. तिसऱ्या संध्याकाळी चांदणी पुढच्या पायाने जमीन उकरू लागली, मान वळवून सारखी कुशीकडे बघू लागली. सकाळपासूनची लीद म्हणजे चार-पाच लहान, कडक, सुके गोळे. आतड्यात वैरण अडकली होती. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पोटात पाणी आणि तेल सोडलं. पहाटे तिने लीद टाकली, तेव्हा मी त्या लीदेशेजारीच मटकन बसलो.

गोम अशी, की हिरव्या गवतात भरपूर पाणी असतं आणि सुक्या वैरणीत जवळजवळ नसतंच. म्हणजे पाण्याची गरज वाढते नेमकी तेव्हाच तहान मंदावते. साडेचारशे किलोच्या घोड्याच्या पोटात दिवसाला निदान २५ ते ३० लिटर पाणी जायला हवं. मी बादलीच्या आतून दर पाच लिटरला रंगाची रेघ मारून ठेवली आहे आणि सकाळ-संध्याकाळ किती उतरलं ते भिंतीवर खडूने लिहितो. पाणी बर्फगार असेल तर त्यात गरम पाणी मिसळून कोमट करा, घोडा लगेच जास्त पितो. बर्फाचा थर आला तर फोडून तुकडे बाहेर काढा. घोडा बर्फ चाटून तहान भागवेल, या भरवशावर राहू नका. रोज साधारण ३० ग्रॅम मीठ द्या, त्याने तहान जागी राहते.

ऊब वैरणीतून येते, चंदीतून म्हणजे दाण्याच्या खुराकातून नव्हे. मोठ्या आतड्यात सुकं गवत आंबत राहतं आणि त्यातून तासन् तास उष्णता मिळते. वजनाच्या दोन टक्के, म्हणजे साडेचारशे किलोला रोज नऊ किलो गवत. कडाका पडला की त्यात किलो-दीड किलो वाढवा आणि शेवटचा मोठा वाटा रात्री उशिरा टाका. थंडी आहे म्हणून चंदी एकदम वाढवली तर पोट बिघडतं.

वजन टेपने काढता येतं: छातीच्या घेराचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११८८०. मापं सेंटीमीटरमध्ये घ्या, उत्तर किलोत येतं. घेर १८० आणि लांबी १७० असेल तर सुमारे ४६४ किलो. पण आठवड्यातून एकदा हातही लावाच. दाट केसांखाली घोडा वाळलेला डोळ्यांना कळत नाही. बोटं केसांत खुपसून बरगड्यांवरून फिरवा: हलक्या दाबाने बरगडी लागावी, वर चरबीचा पातळ थर असावा. बोटं खाचांत उतरत असतील तर वैरण वाढवा, दात तपासून घ्या.

झूल म्हाताऱ्या, हडकलेल्या, केस कापलेल्या किंवा पावसात उघड्यावर राहणाऱ्या घोड्याला घाला. ओल्या किंवा घामेजल्या अंगावर नको. भिजून जड झालेली झूल नसलेलीच बरी. रोज एकदा पूर्ण काढा, खांदे आणि मान-पाठीच्या सांध्यावरचा उंचवटा बघा. तिथे घासून केस उडतात आणि मग जखम होते.

पायांचा चिखल गार पाण्याने पुन्हापुन्हा धुऊ नका. वाळू द्या, मग ब्रशने झाडा. टाचेच्या खळग्यात खपल्या दिसल्या तर ओरबाडू नका, डॉक्टरांना दाखवा. खूर रोज साफ करा. तळव्याच्या मऊ त्रिकोणाजवळ काळं, घाण वास मारणारं काही निघालं तर जागा ओली राहते आहे असं समजा.

वादळाची चाहूल लागली की आधी पिंपं भरा, कारण वीज गेली की पंप बंद. पत्रे आवळून घ्या. विजा कडाडत असताना घोडा एकट्या झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणाजवळ नको. पाणी चढण्याची शक्यता असेल तर त्याला बांधून किंवा कोंडून ठेवू नका, वेळेत उंचावर हलवा. मोहरकी (घोड्याला धरून नेण्याची तोंडावरची दोरी) आणि बॅटरी दाराशीच टांगलेली असू द्या, अंधारात शोधत बसायची वेळ येऊ नये.

आणि भिजून थरथरणारा घोडा दिसला तर आडोशाला घ्या, सुक्या गोणपाटाने केसांच्या उलट दिशेने जोरात चोळा, पुढ्यात गवत टाका, अंग सुकल्यावर झूल घाला. तासाभरानेही कापरं थांबलं नाही, किंवा ताप मोजल्यावर पारा ३७ अंशांच्या खाली असेल, तर डॉक्टरांना लगेच फोन करा आणि ते येईपर्यंत चोळत राहा.