गोव्यातल्या ख्रिस्ती घरातून मराठी कादंबरी लिहिताना

मराठीत कादंबरी लिहू पाहणारी ख्रिस्ती मुले-मुली अधूनमधून माझ्याकडे येतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा कादंबरीविषयी नसतोच. कोंकणी सोडून तुम्ही मराठीत का लिहिता, असे ती विचारतात. कारण गोव्यातला कॅथलिक माणूस लिहू लागला तर तो रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीत किंवा इंग्रजीत लिहिणार, हे सर्वांनी धरूनच ठेवलेले असते. माझे उत्तर अगदी साधे आहे. डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्याला जवळची प्राथमिक शाळा मराठी होती, वडिलांच्या बेकरीत सकाळी मराठी दैनिक येई, आणि पुढे मी शाळेत मराठीच शिकवले. घरात कोंकणी, इगर्जेत म्हणजे चर्चमध्ये कोंकणी आणि थोडी लॅटिन, वहीत मराठी, अशी आमची वाटणी लहानपणीच होऊन गेली होती. एका घरात तीन भाषा नांदतात, याचे गोव्यात कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटते ते पुस्तकाच्या मुखपृष्ठावर माझे आडनाव दिसले म्हणजे.

आपण या भाषेत उपरे आहोत की काय, ही शंका नवख्या लेखकाला फार छळते, म्हणून तिचा निकाल आधी लावलेला बरा. फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात उतरला, दक्षिण गोव्यातल्या साष्टीत राहिला, आणि त्याचे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूरला रोमी अक्षरांत छापले गेले. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857 ची, आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ही वंशावळ व्यासपीठावरून ऐकवण्यात मला फारसा रस नाही. स्टीफन्सने स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द बिनदिक्कत वापरला, कारण धर्मांतरामुळे ज्यांची पुराणे सुटली होती अशा माणसांच्या कानांसाठी तो लिहीत होता, हे लक्षात घेऊन त्याच्या ओव्या वाचल्या तर शब्दनिवडीचे जे शिक्षण मिळते ते मोलाचे आहे. पदमनजींकडून मी उलट धडा घेतला. यमुना गावोगाव विधवांची जी दुःखे पाहते ती पाने आजही वाचकाला धरून ठेवतात. पण तिचा धर्मस्वीकार आणि पुनर्विवाह येतो तिथे लेखकाला कुठेतरी पोहोचायची घाई झालेली दिसते. तिथे आपण कादंबरी वाचत नसून कादंबरीकाराचा हेतू वाचत आहोत, असे मला प्रत्येक वेळी वाटते.

हे मी शहाणपणाने सांगते आहे खरी, पण माझ्या पहिल्या हस्तलिखितात मीही तेच केले होते. दोन भावांच्या भांडणाची ती गोष्ट होती, आणि शेवटच्या प्रकरणात गुड फ्रायडेच्या मिस्सेला थोरला भाऊ रडत रडत धाकट्याची क्षमा मागतो, असे मी लिहिले होते. माझे वडील पदेर. रात्री दोनला ते भट्टी पेटवीत, पाचला पोरे पोय आणि उंडे या पावांच्या टोपल्या सायकलींना बांधून भोंगे वाजवीत निघून जात, आणि त्यानंतर शाळेची तयारी सुरू होईपर्यंतचा दीड तास भट्टीमागच्या खोलीत मला लिहायला मिळे. त्यांना देवनागरी वाचता येत नसे. म्हणून काळ्या चहाचा पेला घेऊन, अंगावरचे पीठ न झटकताच, ते पोत्यावर बसत आणि मी त्यांना वाचून दाखवी. त्या दिवशी पूर्ण प्रकरण त्यांनी डोळे मिटून ऐकले. माझा आवाज शेवटी जड झाला होता, हेही मला आठवते. ते म्हणाले, "त्या दिसा मीस नासता गो."

बरोबर होते. गुड फ्रायडेला मिस्सा, म्हणजे वेदीवर प्रसाद पवित्र करण्याचा विधी, होत नाही. आदल्या दिवशी पवित्र केलेला प्रसाद त्या दिवशी देतात, आणि घंटाही मुक्या असतात, त्यांच्याऐवजी लाकडी मात्राक वाजते. जन्मापासून दर वर्षी त्या प्रार्थनेला हजर असलेली मी, लिहिताना मात्र कुठल्याशा हिंदी चित्रपटातल्या चर्चमध्ये जाऊन बसले होते. चूक तपशिलाची होती, पण तिचे मूळ खोल होते. मला रडण्यासाठी एक पवित्र जागा हवी होती, आणि ती खरी आहे की नाही याची मला पर्वा उरली नव्हती. मग ते प्रकरण मी फाडले. पुढच्या खर्ड्यात थोरला भाऊ क्षमा मागत नाही. शनिवारी पहाटे धाकट्याच्या दाराशी रोजच्यापेक्षा दोन उंडे जास्त ठेवून जातो, आणि धाकटा ते मोजून दोन परत पाठवतो. पोत्यावरून यावर काही शेरा आला नाही, तेव्हा ते जमले असे मी मानले.

श्रद्धेविषयी लिहिताना माझा अनुभव असा, की ती पात्राच्या बोलण्यात फार वेळ टिकत नाही. ती त्याच्या कामात, उधारीत, वेळापत्रकात आणि कशाला तो लाजतो यात असते. नियम नीट माहीत असले की त्यांतूनच कथानक निघते. पापनिवेदनात ऐकलेले पाद्रीला कोणत्याही कारणाने, कोणत्याही प्रकारे उघड करता येत नाही, आणि ते थेट फोडणारा पाद्री आपोआप बहिष्कृत होतो. तरीही खुनाचा कबुलीजबाब ऐकून पोलिसांकडे जाणारा पाद्री मला दर दोन-तीन हस्तलिखितांत एकदा भेटतो. ज्याला सगळे ठाऊक आहे आणि काहीच बोलता येत नाही, असा माणूस आयता हाती आलेला असताना त्याला चौकीत पाठवायचे, हे मला कादंबरीकाराचे दारिद्र्य वाटते. गोव्याच्या घरांविषयी लिहिणाऱ्याने इथला वारसाकायदाही समजून घ्यावा. माझ्या दुसऱ्या कादंबरीत बाप मृत्युपत्राने मुलीला सर्वस्वी बेदखल करतो असे होते. शेजारच्या वकीलबाईंनी मला थांबवले. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या पद्धतीनुसार इथे बापाला स्वतःच्या हिश्शाचा निम्माच भाग मनासारखा देता येतो, बाकीचा निम्मा मुलगे आणि मुली अशा सगळ्यांसाठी राखलेला असतो. त्यामुळे माझा बाप दुष्टपणा करायचा तर कायद्याच्या फटी शोधू लागला, आणि पुस्तक पन्नास पानांनी वाढले. ते वाढायला हवेच होते.

शब्दांचा प्रश्न याहून अवघड आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला लादीन, फेस्त, विगार, खुरीस, ओरातोर हे शब्द कळतील का? प्रार्थना, सण, मुख्य पाद्री, क्रूस आणि घरातले देवघर यांचे हे आमचे रोजचे शब्द. पहिल्या पुस्तकाच्या संपादकांनी मला शेवटी शब्दार्थांची यादी जोडायला सांगितली, आणि शिवाय माझ्या ख्रिस्ती पात्रांनी थोडी मोडकी मराठी बोलावी, 'म्हणजे रंगत येईल', असेही सुचवले. या दुसऱ्या सूचनेचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आमची माणसे मोडकी मराठी बोलत नाहीत, धडधाकट कोंकणी बोलतात. कादंबरीतल्या मराठीने ते बोलणे वाहून न्यायचे असते. म्हणून मी निवेदन प्रमाण मराठीत ठेवते, आणि संवादांत कोंकणीचा हेल, एखादा 'गो', एखादा 'मरे', वाक्याचा शेवट, एवढेच राहू देते. यादीलाही मी नकार दिला, पण त्यामुळे माझे काम वाढले. 'आम्ही खुरसाजवळ लादीनला, म्हणजे प्रार्थनेला, गेलो' हे माझे मूळ वाक्य होते. त्यात वाचकाला अर्थ मिळतो, दुसरे काही मिळत नाही. ते बदलून मी असे केले: 'लादीन संपली तशी खुरसामागे उकडलेल्या चण्यांचे पातेले उघडले, आणि आत्तापर्यंत एका सुरात ओरा प्रो नोबिस म्हणणारे आवाज मीठ कमी पडल्याची तक्रार करू लागले.' आता लादीन म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्यालाही तिथे उभे राहता येते. एक शब्द असा बसवायला कधी दोन दिवस लागतात, आणि घाईच्या दिवसांत सगळेच शब्द बसत नाहीत.

गावातली माणसे कादंबरीत स्वतःला शोधतात, त्याची तयारी ठेवावी. आमच्या इगर्जेत मेणबत्त्या लावणाऱ्या एका गृहस्थांनी वर्षभर माझ्याशी बोलणे टाकले, कारण माझ्या पुस्तकातला मेणबत्त्यांचे तुकडे घरी नेणारा माणूस आपणच आहोत अशी त्यांची खात्री होती. ते पात्र मी माझ्या मामावरून घेतले होते, आणि मामाने मात्र पुस्तक आनंदाने वाचून त्या गृहस्थांकडेच बोट दाखवले होते. विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी वापरत नाही, एवढे पथ्य मी पाळते. बाकी लोकांच्या समजुतींना इलाज नाही. पुष्कळ जण विचारतात म्हणून सांगते, कादंबरी छापायला सामान्य ख्रिस्ती माणसाला बिशपांची परवानगी लागत नाही. ती प्रार्थनापुस्तके, धर्मशिक्षणाची पुस्तके, बायबलची भाषांतरे यांना लागते. मी भीत भीत विगारांकडे बाड नेले होते, तेव्हा त्यांनी ते न उघडताच परत केले आणि छापल्यावर एक प्रत फुकट द्यायला सांगितले.

पैशांविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण ते फार येत नाहीत. माझी पहिली आवृत्ती 500 प्रतींची होती आणि ती संपायला चार वर्षे लागली. शाळेचा पगार नसता तर दुसरी कादंबरी झाली नसती. करारावर मात्र मी डोळे झाकून सही केली, ती चूक इतरांनी करू नये. त्या कागदात 'सर्व हक्क' एवढेच होते. पुढे कुणी त्या गोष्टीचे तियात्र, म्हणजे कोंकणी नाटक, करू म्हणाले, तेव्हा होकार देण्याचा हक्क माझ्याकडे उरलेला नव्हता, आणि प्रकाशक पत्रांना उत्तर देत नव्हते. तेव्हा कुठे मी 1957 चा कॉपीराइट कायदा वाचायला घेतला. कलम 19 प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. आणि करारात वेगळे ठरलेले नसेल तर वर्षभरात न वापरलेला हक्क लेखकाकडे परत येतो. म्हणजे मी ज्या हक्कासाठी विनवण्या करीत होते तो केव्हाच माझ्याकडे परत आलेला होता. आता मी छपाई, भाषांतर, नाट्यरूपांतर, ध्वनिपुस्तक असे हक्क वेगवेगळे लिहून घेते आणि प्रत्येकापुढे वर्षे घालते. स्वतः पुस्तक काढणाऱ्यांनी आयएसबीएनसाठी कुणाला पैसे देऊ नयेत, तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या केंद्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो.

वडील गेले, बेकरी भावाने भाड्याने दिली, आणि पाच ते साडेसहा ही वेळ मी निवृत्तीनंतरही सोडलेली नाही. ऐकायला आता शेजारची एक विधवा बाई येते. तिचे कुटुंब पिढ्यान् पिढ्या एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत घर करून राहणारे मुंडकार होते, आणि माझी चालू कादंबरी, अशा लोकांना हुसकावण्यापासून संरक्षण देणाऱ्या 1975 च्या मुंडकार कायद्याच्या सुमाराची आहे. गेल्या आठवड्यात मी तिला एक प्रसंग वाचून दाखवला: मुंडकाराची सून भाटकाराच्या घरी फेस्ताच्या दिवशी पुढच्या दाराने जाते आणि बल्कांवावर, म्हणजे दारासमोरच्या ओट्यावर, बसते. बाई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, ही पुढच्या दाराने गेली ती कायदा झाल्यावर की आधी? मी 'आधी' असे लिहिले होते. तिने मान हलवली आणि मागचे दार विहिरीच्या कोणत्या बाजूला होते, तिथे चपला कुठे काढून ठेवीत, सांदणे कशावर वाढून देत, हे सगळे सांगितले. ते प्रकरण आता पुन्हा लिहायला घेतले आहे.