मृगाच्या आधी गोठ्याचं मुताचं टाकं साफ करा, उकंडा झाका

राजेहो, रोहिण्या लागल्या की सगळे बियाण्याच्या मागं धावते, कोणतं वाण, कोणती बॅग, अन् गोठ्याच्या मागं काय चाललं ते कोणी पाहत नाही. मी दरसाल तेच पाहतो. मृगाचा पहिला पाणी दणकून आला की उकंड्याच्या (शेणखताच्या ढिगाच्या) खालून काळ्या चहासारखं पाणी निघते, बोळीतून नालीत अन् नालीतून नाल्यात. कास्तकार ओसरीत उभा राहून म्हणते, पाणी बरा झाला! अन् आठ दिवसांनी तोच माणूस युरियाच्या लाइनीत उभा. अरे बाप्पा, तुझा अर्धा युरिया त्या रात्री बोळीतून गेला ना.

ढोराच्या अंगातून जो नत्र (युरियात असते तेच) बाहेर पडते त्यातला जवळपास अर्धा मुतात असते, पालाश तर बहुतेक मुतातच. आपण शेण उचलतो अन् मूत मुरू देतो. दोन बैल अन् एक गाय धरा, प्रत्येकी 8 लिटर म्हटलं तरी दिवसाचं 24 लिटर. म्हणजे 250 लिटरचं टाकं दहा-अकरा दिवसात भरते.

250 लिटर मी मनानं नाही सांगत. 3 फेब्रुवारी 2021 च्या जीआरमध्ये, शरद पवार ग्रामसमृद्धी योजना, रोजगार हमीतून, 2 ते 6 जनावरांच्या पक्क्या गोठ्याला 77,188 रुपये धरले, 12 जनावरं असतील तर दुप्पट, 18 च्या वर तिप्पट, अन् त्याच गोठ्याच्या मापात गव्हाण, पाण्याची टाकी अन् 250 लिटरचं मूत्रसंचय टाकं आहे. नाडेपच्या खत-हौदाला वेगळे 10,537. आज दर काय अन् योजना कोणत्या नावानं चालू आहे ते ग्रामपंचायतीत विचारूनच अर्ज टाका. पैसा हप्त्यानं येते, उशिरा येते, त्याच्या भरवशावर व्याजानं पैसे उचलू नका.

पण होते काय, लोकं गोठा बांधते, फोटो काढते अन् टाकं विसरते. मागच्या साली एका घरी गेलो, गोठा मस्त, टिना नव्या, अन् टाक्यात कोंबडी अंड्यावर बसलेली! विचारलं तर म्हणे भाऊ, उतार उलटा पडला, मूत गव्हाणीकडं जाते. म्हणून मिस्त्री कोबा करत असतानाच उभे राहा. 10 फुटाला 3 इंच उतार, नालीकडं. कोबा झाला की बादलीभर पाणी ओता अन् पाहा कुठं जाते, मगच मिस्त्रीचे पैसे द्या.

ज्याच्याजवळ गोठाच कच्चा आहे त्यानं अनुदानाची वाट पाहू नये. ढोराच्या मागं नाली खोदा, शेवटी जुना प्लास्टिकचा ड्रम गाडा, झालं टाकं. यंदा एवढंच करा.

उकंड्याचं, मृगाच्या आधी:
– वरच्या अंगानं चर, बाहेरचं पाणी आत नको
– भोवती हातभर मातीची मेर
– वरून ताडपत्री, नाही तर युरियाच्या पोत्या शिवून
– विहिरीपासून जितकं लांब जमते तितकं

विहिरीचं हलक्यात घेऊ नका. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात पाण्यात नायट्रेट (नत्राचाच क्षार) जास्त असलेल्या जिल्ह्यांत वर्धा, बुलडाणा, अमरावती अन् यवतमाळ आहेत. त्याला रासायनिक खतंही कारण आहे, पण उकंड्याचं पाणीही त्याच विहिरीत झिरपते. तिकडं इंग्लंडात सरकारनं 2022-23 मध्ये स्लरीच्या (शेण-मुताच्या पातळ राड्याच्या) टाक्याला अडीच लाख पौंडापर्यंत अनुदान ठेवलं होतं, सहा महिन्याची स्लरी मावली पाहिजे अन् वर झाकण पाहिजे अशी अट होती. आपल्याले झाकणापुरती ताडपत्री पुरते.

आता खत वावरात नेणाऱ्यांसाठी. ढिगल्या टाकून पंधरा दिवस उन्हात ठेवू नका, नत्र उडून जाते. ज्या दिवशी पसरवलं त्याच दिवशी वखर फिरवा. अर्धकच्चं खत तर नेऊच नका, हुमणीचे (पिकाची मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगे पहिल्या पावसानंतर अंडी घालते अन् असं खत त्याईले फार आवडते. माझी खूण अशी, ढिगात लोखंडी सळाख खुपसायची, चिलीम ओढेपर्यंत थांबायचं, काढून हातात धरायची. चटका बसला तर खत कच्चं. विद्यापीठात असं शिकवत नाहीत, पण माझं आजवर चुकलं नाही.

बाकी नेहमीचं:
– कपाशीला हेक्टरी 5 टन कुजलेलं शेणखत
– कुजवायला ट्रायकोडर्मा (कुजवणारी बुरशी) टनाला 1 किलो
– हुमणीच्या वावरात मेटारायझियम (हुमणी मारणारी बुरशी) एकरी 4 किलो, खतात मिसळून
– जीवामृत एकरी: शेण 10 किलो, गोमूत्र 10 लिटर, गूळ 2 किलो, बेसन 2 किलो, मूठभर धुऱ्याची (बांधावरची) माती, पाणी 200 लिटर

नाडेपचा हौद आपल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांड्यांचा, त्याईच्या नावावरूनच नाडेप. 100 किलो शेणात अडीच-तीन टन खत होते, बाकी काडीकचरा, कुटार अन् माती. कपाशीच्या पऱ्हाट्या धुऱ्यावर जाळता त्या बारीक करून यातच टाका.

अन् कृषी केंद्रवाल्याचं सांगतो. युरियाची 45 किलोची बॅग 266 रुपये 50 पैशाची, पण तिच्यासंगं 'हे बी न्या भाऊ' म्हणून एक बाटली गळ्यात मारते, ह्युमिक म्हणा, टॉनिक म्हणा. बिल मागा, बाटली नको म्हणा. टाक्यातलं मूत दहापट पाण्यात मिसळून झाडाच्या बुडाशी ओता, पिकाच्या एका ओळीवर वेगळं करून पाहा अन् मग बाटलीचं ठरवा.

एक शेवटचं, गोबर गॅसवाल्यांसाठी खास. स्लरीच्या खड्ड्यात कोणी उतरू नका, काही पडलं तरी अन् कोणी पडलं तरी. आतला गॅस दोन श्वासात माणूस पाडते अन् त्याले काढायला गेलेला दुसराही आतच राहते. दोर, बांबू, आरडाओरड, जे करायचं ते वरून. टाक्यावर फरशीचं झाकण ठेवा, टिनाचं मुतानं सडते, अन् सडलेल्या टिनावर लेकरं उड्या मारते.