वणव्याच्या दिवसांत कोंबडी खुडूक बसवताय? आधी पिंप भरा

मार्च-एप्रिलात कोंबडी खुडूक बसली आणि तिच्याखाली अंडी ठेवायचा बेत असेल तर आधी कॅलेंडरवर २१ दिवस मोजा, आणि त्यातच वाडीतली भाजावळ (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजणं) येतेय का ते शेजारीपाजारी विचारून घ्या. हा राब भाजताना एक ठिणगी सड्यावरच्या (कातळमाळावरच्या) सुक्या गवतात गेली की पुढचं कुणाच्या हातात राहत नाही. बाकीच्या कोंबड्या धूर बघून पळतील तरी, खुडूक बसलेली हलत नाही, तिथेच पंख पसरून बसून राहते.

आता पाणी. विहिरीतलं नव्हे, पिंपातलं. २०० लिटरचं प्लॅस्टिकचं पिंप, खुराड्यापासून चार पावलांवर, काठोकाठ भरलेलं, वर झाकण, बाजूला दोन बादल्या. गेल्या खेपेला विहीर होती, पंप होता, परड्याच्या टोकापर्यंत पोचणारा पाइप होता, आणि वणवा चढण चढून वर येतोय तेव्हाच लाइट गेली. जाणारच हो, तारांखाली जाळ आला की लाइन बंद होतेच, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा पंप नसतो. वर मे उजाडला की विहिरीचा तळ दिसतो, पावसाळ्यात कोकणात तीन हजार मिलिमीटर पडला म्हणून काय झालं, कातळात टिकतंय कुठे. म्हणून पिंप. आणि त्यातलं पाणी भांडी घासायला न्यायचं नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर वेळेला पिंप असतं आणि पाणी नसतं.

अंडी ताजी, आठवड्याच्या आतली, न धुतलेली. देशी कोंबडीखाली १०-१२ बास, लहान चणीची असेल तर आठच.

घरटं जमिनीवर करू नका, पाटीत (टोपलीत) करा. खाली थोडी राख म्हणजे उवा-पिसवा कमी होतात, त्यावर पेंढा. (आमची आजी वळवाच्या गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून कोळसा ठेवायची, ठेवायचा तर ठेवा.) पाटीचा मुद्दा असा की वेळ आली तर कोंबडी, अंडी, पेंढा सगळं एकदम उचलून नेता येतं. बाकी पेंढ्याची उडवी मात्र खुराड्याला चिकटून नको. खुराड्यावर झापांचं (विणलेल्या माडाच्या पात्यांचं) छप्पर असेल तर कोंबडी पाटीसकट मांगरात (बाजूच्या शेडमध्ये) हलवा, आणि रात्री हलवा, अंधारात ती बिथरत नाही.

सभोवार तीन-चार मीटर जमीन उघडी करा, गवत, काजूखालचा पातेरा (सुका पाला), सगळं. उतार ज्या बाजूला असेल तिथून सुरुवात, कारण आग चढाकडे जोरात पळते, आणि दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो म्हणून मग पश्चिम बाजू. गोळा केलेला पातेरा तिथेच काडी लावून जाळू नका. हसू नका, असं करणारे आहेत. खड्ड्यात टाका, कुजू दे.

आंब्याच्या फवारणीचा पाठीवरचा पंप असेल तर औषध नीट धुऊन पाण्याने भरून ठेवा, गवताच्या कडेची आग त्याने छान आवरते. पण तो १६ लिटरचा, पाच-सात मिनिटांत रिकामा होतो, आणि परत भरायचा कुठून? पिंपातून. भरलंत का?

वनविभागाचा १९२६ फोनमध्ये सेव्ह करा, वाडीच्या ग्रुपवर आग दिसल्या दिसल्या टाका, फोटो काढत बसू नका. टाळे (हिरव्या पाल्याच्या फांद्या) तोडून आग झोडपायला माणसं लागतात, एकट्याने जाऊ नका. धूर खुराड्याकडे वळला की पाटी उचला, वरून गोणपाट सैल टाका आणि धूर येत नाही त्या बाजूच्या खोलीत न्या. पक्ष्यांना धूर आपल्यापेक्षा लवकर बाधतो. अंडी अर्धा तास गार पडली तर काही होत नाही, कोंबडी रोज दाणापाण्याला उठते तेव्हाही पडतातच.

सातव्या-आठव्या दिवशी रात्री टॉर्च लावून अंडी बघा, आत शिरा दिसल्या नाहीत ती काढून टाका. १८व्या दिवसानंतर हात लावायचा नाही, आग आली तरच.

पिल्लं निघाली की पहिले दोन दिवस खायला नसलं तरी चालतं, पोटात बलक असतो. पाणी उथळ ताटलीत, त्यात खडे टाकून, नाहीतर बुडतात. मग बारीक कणी किंवा स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य). पाचव्या ते सातव्या दिवसात लासोटाचे (राणीखेत म्हणजे मानमोडीच्या लशीचे) थेंब, पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवा, कुपी बर्फातूनच आणावी लागते. मुंगूस, घार, कावळा, ते तुम्हाला माहितीच आहे.