मोठ्या माणसांना चित्रकला शिकवायला घेताय? आधीची तयारी

वर्ग सुरू व्हायच्या आठवडाभर आधी येणाऱ्या प्रत्येकाला फोन करा. सामानाची जमवाजमव त्यानंतर. फोनवर काढून घ्यायचं ते इतकंच, की या माणसाला नेमकं काय करायचंय. ‘काहीही चालेल हो, तुम्ही शिकवाल ते’ असं उत्तर हमखास येतं. तिथे थांबू नका. चाळिशी-पन्नाशीत कुणी शिकायला येतं तेव्हा मनात बहुधा एखादी गोष्ट कधीची घर करून असते: आईचा चेहरा, खिडकीतून दिसणारं झाड, स्वतःच्या हाताने घडवलेला एक कप. बोलून दाखवायचा संकोच असतो. थोडं बोलतं केलंत की ती बाहेर येते. ती वहीत त्यांच्या नावापुढे लिहून ठेवा आणि पहिल्या चार वर्गांत कुठे ना कुठे तिच्याकडे वळा.

हे इतकं ठासून सांगण्याला कारण आहे. १८८१च्या अखेरीस अठ्ठावीस वर्षांचा विन्सेंट व्हॅन गॉग हेगमध्ये अँटोन मॉव्ह या नात्यातल्या चित्रकाराकडे शिकायला गेला. मॉव्हने त्याला जलरंग आणि तैलरंग कसे हाताळायचे ते दाखवलं, पुढे रंगांची पेटीही दिली. विन्सेंटला त्याचं मोल होतं. पण पुढच्या वर्षी मॉव्हने प्लास्टरच्या नमुन्यांवरून रेखाटन करायचा आग्रह धरला. विन्सेंटला जिवंत माणसं काढायची होती. त्याने ते नमुने फोडून टाकले. दुराव्याला इतरही कारणं होती, आणि मॉव्ह वाईट शिक्षक नव्हता. तरी शिकणाऱ्याची ओढ एकीकडे आणि आपला धडा दुसरीकडे, असं झालं की काय होतं ते यातून दिसतं.

त्याच फोनमध्ये तब्येतीचंही विचारा. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं, तेव्हा वाचायचा चष्मा आणायला सांगा. बोटांचे सांधे दुखत असतील तर पेन्सिलीवर चढवायला फोमची नळी ठेवा. दमा असेल तर कोळशाची पूड आणि टर्पेंटाइन दोन्ही टाळा. लाल-हिरव्यात गल्लत होते का, हेही सहज विचारून घ्या. अशा माणसाला गडद-फिकटाच्या अंगाने शिकवलं तर तो कुठेही अडत नाही. उजव्या हाताने काढणाऱ्याला उजेड डावीकडून मिळावा, डावखुऱ्याला उजवीकडून, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली कागदावर पडते. खुर्च्या मांडून झाल्या की प्रत्येक खुर्चीत एकदा स्वतः बसून बघा.

आता सामान. कागदावर पैसे वाचवू नका. पातळ कागदावर पाण्याचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, दिला की कागद फुगतो, खळग्यांत रंग साचतो, वाळताना नको तिथे कडा उमटतात. दोष कागदाचा असतो, पण नवशिक्याला वाटतं आपल्याच हातात कला नाही. जाणत्या चित्रकाराला कागद दगा देतोय हे कळतं. नवशिक्याला कळायचा मार्गच नसतो. म्हणून ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), पूर्ण कॉटनचा, कोल्ड प्रेस्ड म्हणजे किंचित खरबरीत कागद घ्या. ५६ बाय ७६ सेंटिमीटरचा पूर्ण ताव कापला की १९ बाय २८चे आठ तुकडे होतात. एवढासा तुकडा भरायची भीतीही कमी वाटते, आणि मागची बाजू सरावाला राहते.

जलरंगांची बारा ट्यूबची पेटी कुणालाही आणायला लावू नका. सुरुवातीला दोनच रंग द्या, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक असतो तो बघून घ्या. अल्ट्रामरीनसाठी पीबी २९. हे दोन एकमेकांत मिसळले की थंड करड्यापासून उबदार करड्यापर्यंत आणि दाट केले तर जवळजवळ काळ्यापर्यंत सगळं मिळतं. ते मिश्रण पहिल्यांदा पॅलेटवर जमताना बघणाऱ्याचा चेहरा बघा, म्हणजे एवढ्याने भागतं का ही शंका उरणार नाही. ब्रश एकच, गोल, दहा नंबरचा. पाण्यात बुडवून झटकल्यावर टोक जुळलं तरच घ्यायचा. पाण्याची भांडी मात्र प्रत्येकाला दोन, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. पेन्सिली एचबी, २बी आणि ६बी पुरेत.

मातीकाम घेणार असाल तर पहिल्याच दिवशी सांगा, की कप घरी न्यायला काही आठवडे लागतील. पूर्ण वाळल्याशिवाय भट्टीत गेला तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुटतो, आणि वाळताना-भाजताना मिळून साधारण दहावा हिस्सा आकसतो. टेबल कोरडं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांना घातक असते. लिनोकटला, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापायच्या चित्राला, पाती धारदार हवी आणि दुसरा हात कायम पातीच्या मागे. तैलरंग असतील तर जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाण्यात बुडवून ठेवा.

खोलीतली आपली उत्तम चित्रं वर्गाच्या दिवसापुरती उतरवून ठेवा. मोठ्या माणसाची नजर आयुष्यभर बघून बघून तयार झालेली असते, हात मात्र कोराच असतो. समोर तुमचं पूर्ण झालेलं काम टांगलेलं असेल तर ती नजर त्या कोऱ्या हाताला पहिल्या अर्ध्या तासातच नापास करते. त्याऐवजी एकच साधं चित्र चार टप्प्यांत, चार वेगळ्या कागदांवर करून भिंतीला लावा. दुसऱ्या टप्प्यावर ते किती ओबडधोबड दिसतं, हे दिसू दे.

ट्रेसिंग पेपरचा एक गठ्ठा हाताशी असू द्या. माझ्या मते अख्ख्या यादीत याइतकं महत्त्वाचं काही नाही. शिकणाऱ्याच्या कागदावर आपण एक रेघ जरी ओढली तरी ते चित्र त्याचं राहत नाही. मोठी माणसं भिडस्त असतात, नको म्हणत नाहीत, वर आभारही मानतात. मग घरी नेऊन ते चित्र कुणाला दाखवत नाहीत. सुरईचा काठ चुकला असेल तर त्यांच्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवा, त्यावर लंबगोल काढून दाखवा, आणि पेपर उचलून घ्या. खाली त्यांची रेघ जशीच्या तशी राहते. दुरुस्त करायची की नाही ते त्यांचं ते ठरवतील. तसंच ‘छान आहे’ हे तोंडात बसलेलं उत्तर टाळायची तयारी घरूनच करा. ‘हँडलच्या आतली मोकळी जागा तुम्ही नीट बघून काढलीत’ असं म्हटलं की पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं.

फी, वर्गांची संख्या, सामान कुणी आणायचं, वर्ग बुडला तर काय, हे सगळं एका कागदावर लिहून आधीच पाठवा. एका वेळी सहाच्या वर माणसं घेऊ नका. कुणाच्या कामाचा फोटो कुठे टाकायचा असेल तर आधी विचारा, आणि त्यांनी नाही म्हटलं तर पुन्हा विषय काढू नका.

दोन तासांच्या वर्गातली शेवटची वीस मिनिटं आवराआवरीसाठी राखा. ब्रश साबणाने धुऊन, टोक बोटांनी जुळवून आडवा वाळत घालायचा, हे प्रत्येकाकडून करून घ्या. निघताना कागदाचे तीन तुकडे घरी न्यायला द्या, त्यावर काय करून आणायचं ते दोन वाक्यांत सांगा, आणि पुढच्या वर्गाची तारीख सगळ्यांसमोर पक्की करा.