दोन पाजण्यांमधला वेळ: तान्ह्या बाळाला घेऊन कामांना बाहेर पडताना

माझी आई सव्वा महिना आमच्याकडे होती. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ती सकाळी अळिवाची खीर करायची, लेकीला तेल लावून न्हाऊ घालायची, आणि तेवढ्यात मी झोपून घ्यायची. मग एका रविवारी ती साताऱ्याला परत गेली. नवरा हालोलच्या कारखान्यात, पहिल्या पाळीला पहाटेच निघतो. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना तीन जिने उतरवत नाहीत. आणि मार्चमधल्या त्या बुधवारी माझ्यापुढे चार कामं होती: लेकीची दीड महिन्याची लस, जन्मदाखल्यात तिचं नाव घालणं, बँकेतलं केवायसी, आणि माझ्या लोहाच्या गोळ्या.

सकाळी साडेनऊला निघाले ती अडीचला घरी आले. चारातली दोनच कामं झाली होती. लेक आवाज बसेपर्यंत रडली होती, माझी टाक्यांची जागा ठणकत होती, आणि ऊन इतकं चढलं होतं की तिचं टोपडं घामाने चिकटलं होतं. जिना चढताना मला रडू आलं. ज्यांची आई परत गेली आहे आणि घरात दुसरं उतरणारं माणूस नाही, त्यांच्यावर अशी दुपार येऊ नये म्हणून पुढच्या फेऱ्यांत जे शिकले ते सगळं लिहिते आहे.

आधी दुधाचा हिशेब

मी कामांची यादी केली, तिथेच चुकलं. यादी पाजण्यांची करायला हवी होती. तान्हं बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पितं, म्हणजे दर दोन-तीन तासांनी. हा वेळ मोजतात तो एका पाजण्याच्या सुरुवातीपासून पुढच्या पाजण्याच्या सुरुवातीपर्यंत, हे मला माहीत नव्हतं. माझी लेक अर्धा तास पिते, मग ढेकर काढायला दहा मिनिटं, मग लंगोट बदलायचा. नऊला पाजायला घेतलं तर पावणेदहा होतात आणि सव्वाअकराला ती पुन्हा तोंड वळवायला लागते. हातात राहिला दीड तास. त्यातून रिक्षाची जाऊन-येऊन वीस-पंचवीस मिनिटं वजा केली की उरतो जेमतेम तास. तेवढ्यात एक काम होतं आणि वाटेवरचं एखादं छोटं. त्याहून जास्त ठरवूच नका.

बाहेर पडायच्या आधी तीन दिवस पाजण्याच्या वेळा लिहून ठेवा. आमच्याकडे कालनिर्णयाच्या चौकटीत दूधवाल्याचे खाडे लिहितात, मी त्याच चौकटींत लेकीच्या दुधाच्या वेळा लिहिल्या. तीन दिवसांत दिसलं की सकाळी नऊचं आणि दुपारी चारचं पाजणं रोज साधारण तिथेच पडतं. बाकीचे मागेपुढे होतात. मग बाहेरची कामं या दोन वेळांनंतरच. दुपारची वेळ मार्च ते जून सोडूनच द्या, बडोद्याच्या उन्हात चारलाही रस्ता तापलेला असतो.

आणि पाजणं हे घरातलं शेवटचं काम असू द्या. पहिल्या दिवशी मी तिला पाजलं, मग अंघोळ केली, साडी नेसले, फाइल शोधली. दाराबाहेर पडेपर्यंत चाळीस मिनिटं संपली होती. आता पिशवी रात्रीच भरते, मी आधी तयार होते, रिक्षावाल्या काकांना फोन करून वेळ सांगते, आणि मग चपला दारात काढून ठेवून शेवटी पाजायला बसते.

पिशवी

सिझेरियन झालं असेल तर पहिले काही आठवडे बाळाच्या वजनापेक्षा जास्त उचलू नका असं डॉक्टर सांगतात. म्हणून पिशवी जड नको, आणि ती खांद्यावर आडवी अडकवता आली पाहिजे, म्हणजे दोन्ही हात मोकळे. मी नेते ते एवढंच: तीन लंगोट, दोन झबली, ओल्या कपड्यांसाठी एक प्लास्टिकची पिशवी, माझ्यासाठी पाण्याची बाटली आणि डब्यात दोन डिंकाचे लाडू. पाजणाऱ्या बाईला भूक अशी अचानक लागते की हातपाय गळतात, तेव्हा लाडू विसरू नका.

आणि आईच्या जुन्या सुती साडीचे चार चौकोन. तिने जाण्याआधी त्या साडीचे हातभर लांब-रुंद तुकडे कापून, कडा दुमडून, हाताने टीप घालून दिले. धुऊन धुऊन इतके मऊ झालेत की एक चुरगळला तर मुठीत मावतो. एक खांद्यावर, ढेकरीबरोबर दूध आलं तर. एक पाजताना पुढे धरायला. एक तिच्या अंगाखाली, कुठेही खाली ठेवायची वेळ आली तर. चौथा ओला करून माझ्या मानेवर. दुकानात मिळणाऱ्या जाड दुपट्यांपेक्षा हे तुकडे सरस आहेत, निदान आपल्या हवेत तरी.

रिक्षा

दुचाकीवर तान्हं बाळ नेऊ नका, नवरा कितीही हळू चालवत असला तरी. रिक्षात मधोमध बसा, कडेला नाही. बाळ छातीशी, डोकं उघड्या बाजूपासून लांब, एक हात मानेखाली पक्का. पोटावर एक छोटी उशी ठेवली तर गतिरोधकाचा दणका टाक्यांना बसत नाही. काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "बेन, धीमे ज लई जईश," आणि खरंच रावपुरा टॉवरपासून पुढे खड्डा आला की ते रिक्षा जवळजवळ थांबवायचे. असा एक माणूस शोधून ठेवा आणि त्यांना चार रुपये जास्त द्या.

झोळी बांधून नेत असाल तर बाळाचा चेहरा सतत दिसला पाहिजे, हनुवटी छातीला टेकता कामा नये, नाकावर कापड येता कामा नये. ऊन लागतं म्हणून तोंडावरून ओढणी टाकायची सवय आपल्याकडे सगळ्यांना आहे. आत हवा कोंडते. त्यापेक्षा छत्री घ्या.

जन्मदाखला

दवाखान्यात जन्म झाला असेल तर नोंद दवाखान्याकडून जाते, २१ दिवसांच्या आत. पण तेव्हा बारसं झालेलं नसेल तर नाव कोरं राहतं, ते नंतर आपण घालायचं. एक वर्षापर्यंत त्याला शुल्क नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून घालता येतं. म्हणजे दीड महिन्याचं बाळ घेऊन धावायची गरज नव्हती. हे मला खिडकीवर पोचल्यावर कळलं. आई-बाबांपैकी कुणीही जाऊ शकतं, बाळाला न्यावं लागत नाही. माहेरी बाळंतपण झालं असेल तर दाखला त्या गावचाच मिळतो, सासरच्या गावी चकरा मारू नका.

गुजरातमध्ये राहणाऱ्या मराठी घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. इथे पुरुषाच्या नावानंतर 'भाई' आणि बाईच्या नावानंतर 'बेन' लावायची रीत आहे, आदरानेच लावतात. माझ्या लेकीच्या दाखल्याच्या कच्च्या प्रतीत तिच्या वडिलांच्या नावाला 'भाई' लागलं होतं आणि माझ्या नावाला 'बेन'. आमच्या आधार कार्डावर दोन्ही नाही. कडेवर रडणारं बाळ असताना कोण अक्षर न् अक्षर वाचतं? मी सही करणारच होते. मागे उभ्या असलेल्या एका मावशींनी लेकीला माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाल्या, "निरांते वांची लो," निवांत वाचून घ्या. तेव्हा दिसलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेत, पासपोर्टला हाच दाखला जन्माचा पुरावा म्हणून चालतो. म्हणून सही करण्याआधी गुजराती आणि इंग्रजी दोन्ही मजकूर आधारशी ताडून बघा. बाळाचं आधार पाच वर्षांच्या आत बोटांच्या ठशांशिवाय निघतं, नुसता फोटो लागतो, त्याला जन्मदाखला हवाच. तेव्हा आधी दाखला.

बँकेचं काम बाळाला घेऊन करूच नका. पत्ता वगैरे काही बदललं नसेल तर बरेचदा मोबाइलवरून किंवा नेटबँकिंगमधून नुसतं तसं कळवून भागतं, हे आधी फोन करून विचारा. मी एसीच्या थंडीत पाऊण तास टोकन धरून बसले होते.

बाहेर पाजायचं कुठे

कितीही हिशेब केला तरी एखाद्या दिवशी बाळ लवकर मागतं. त्या बुधवारी मंगळ बाजारात, न्यायमंदिराच्या बाजूच्या गर्दीत लेकीने सूर धरला. मी कडेला उभी राहून तिला हलवत होते, थोपटत होते, लोक बघत होते. एका साडीच्या दुकानातल्या बा, म्हणजे आजी, गादीवरून उठून बाहेर आल्या. "पहेलां बेबीने धवडावी लो," आधी बाळाला पाजून घ्या, म्हणाल्या, आणि मला आत नेलं. मागच्या बाजूला साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये पांढरी गादी होती. त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला, एक जुनी साडी पडद्यासारखी दोन मांडण्यांवर टाकली आणि बाहेर जाऊन गिऱ्हाइकांशी बोलायला लागल्या. लेक पहिल्या दोन मिनिटांत शांत झाली. तिच्या कानाच्या पाळीला घामाचा एक थेंब लटकत होता, तो मी बोटाने टिपला. कपाळावरची काजळाची तीट घामाने पसरून भुवईपर्यंत आली होती.

तेव्हापासून मी जाण्याच्या वाटेवरची जागा आधी ठरवते. गादीची जुनी कपड्यांची दुकानं सगळ्यात चांगली, कारण तिथे बसायला आत जागा असते आणि बायकांची ये-जा असते. औषधाची दुकानं अरुंद असतात, उपयोग नाही. लाजू नका, विचारा. आजपर्यंत मला या शहरात कुणी नाही म्हटलेलं नाही.

लस

लसीच्या दिवशी दुसरं काहीही ठेवू नका. आमच्या भागात बुधवारी लसीकरण असतं. सहाव्या आठवड्याला तोंडातून पोलिओचे आणि रोटाव्हायरसचे डोस, आणि तीन सुया: पेंटाव्हॅलंट (एकात पाच लसी) डाव्या मांडीत, न्यूमोकॉकलची (न्यूमोनियावरची) उजव्या मांडीत, पोलिओची बारीक सुई उजव्या दंडावर. म्हणून पायात चटकन निघणारं काहीतरी घाला. मी घट्ट पायजमा घातला होता आणि तो काढतानाच ती रडायला लागली. ममता कार्ड, म्हणजे लसींच्या नोंदीचं कार्ड, पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. सुया झाल्या की लगेच पाजायला घ्या, दुखणं त्याने कमी होतं, आणि अर्धा तास तिथेच थांबा.

याच सुमाराला डाव्या दंडावर जन्मानंतरच्या बीसीजीची (क्षयावरच्या लसीची) पुळी येते. ती दाबू नका, काही लावू नका, आपोआप सुकते. सुईच्या जागी मांडी चोळू नका. संध्याकाळी अंग कोमट होतं, ताप मोजा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १०० पूर्णांक ४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ते दूध घेत नसेल, तर डॉक्टरांना फोन करा. औषधाचे थेंब किती हे बाळाच्या वजनावर असतं, ते केंद्रावरच विचारून कार्डावर लिहून घ्या. माझ्या लेकीला रात्री ९९ च्या वर गेला नाही. तिने दिवसात सहा लंगोट ओले केले, म्हणजे दूध पुरेसं जात होतं, एवढं मोजल्यावर मी झोपले.

पुढची लस दहाव्या आठवड्याची, एप्रिलमध्ये. कालनिर्णयावर त्या बुधवारच्या चौकटीत मी लिहून ठेवलंय: आठला पाजणं, पावणेनऊला रिक्षा, साडी सुती, सैल लंगोट, बाकी काही नाही.